अनारसे का हसले?

“पाककृतींचं कुठलं पुस्तक घेऊ हो?” हा प्रश्न नव्यानं लग्न झालेल्या मुली मला हमखास विचारतात. मी अर्धवेळ शिक्षिका. सकाळी शाळेत मुलांच्या वह्या तपासायच्या आणि दुपारी गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत नवी पुस्तकं तपासायची, ही माझी हौस. नुसतं वाचून मी मत देत नाही. तीन पदार्थ करायचे, घरच्यांच्या पानात वाढायचे आणि मगच पुस्तकाला पास-नापास ठरवायचं.

पाककृतींची पुस्तकं आपल्याकडे काही आजची नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 सालचं. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’नं एक हजार पाकक्रिया दिल्या. 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि त्या ‘एक लाख सुनांच्या सासूबाई’ झाल्या. त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची. नवख्या मुलीनं तराजू कुठून आणायचा? वाटी मात्र प्रत्येकीच्या मांडणीवर असतेच.

पण वाटीसुद्धा दगा देते बरं का! हे मला 2023 च्या अधिक श्रावणात कळलं.

त्या वर्षी आमच्या वन्सं लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्याला माहेरी येणार होत्या. जावयांना 33 अनारशांचं वाण द्यायचं होतं. इतकी वर्षं अनारसे सासूबाईच करत. आता त्यांचा हात थरथरतो. मी आपली उत्साहानं म्हटलं, “आई, यंदा मी करते. दादरच्या प्रदर्शनातून नवं पुस्तक आणलंय, त्यात छान दिलेत.” त्या म्हणाल्या, “कर हो. पुस्तक आहे ना तुझ्याजवळ!” आणि जपाची माळ घेऊन खिडकीशी बसल्या. त्या बोलण्यातला सूर मला तेव्हा कळायला हवा होता.

पुस्तक मोठं देखणं. पानागणिक फोटो. त्यातली कोथिंबीर वडी मी आधी करून पाहिली होती, ती उत्तम झाली. कारण ‘सुरी टोचून पाहा, कोरडी निघाली की वडी शिजली’ असं लेखिकेनं स्पष्ट लिहिलं होतं. अनारशांना मात्र एवढंच : तांदूळ तीन दिवस भिजवा, दोन तास सावलीत सुकवा, दळा, एक वाटी पिठाला एक वाटी गूळ.

मी तंतोतंत तसंच केलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते. तिथे दोन तासांत तांदूळ काय सुकणार? तरी दळले, किसलेला गूळ वाटीत चेपून भरला, पीठ मळून डब्यात ठेवलं. पाचव्या दिवशी रात्री पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला! कढईभर खसखस आणि चुरा. दुसराही हसला, तिसराही. सकाळी पाहुणे यायचे. साजूक तूप गेलं, खसखस गेली आणि मी रडकुंडीला आले.

सासूबाई उठून आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, “गूळ चेपून भरलास का गं?” आणि फडताळातून कागदाची एक पुडी काढली. मी दळलं त्याच दिवशी त्यांनी त्यातलं दोन वाट्या पीठ काढून पंख्याखाली कोरडं करून ठेवलं होतं! “पावसाळ्यात थोडं पीठ नेहमी बाजूला ठेवावं.” ते थोडं थोडं मिसळून आम्ही गोळा घट्ट केला, तासभर झाकून ठेवला. मग मी थापत गेले आणि त्या स्टुलावर बसून “आता झाऱ्यानं तूप उडव”, “आता काढ” असं सांगत गेल्या. रात्री एक वाजता 33 पुरे झाले, दोन वरही.

दुसऱ्या दिवशी मी हिशेब केला. माझी आमटीची वाटी 150 मिलीलिटरची. तीत चाळलेलं पीठ 80 ग्रॅम मावलं, किसलेला गूळ सैल भरला तर 90 आणि चेपून भरला तर 140! म्हणजे गूळ जवळजवळ पावणेदोन पट पडला होता. गूळ तुपात वितळतो. त्याला धरून ठेवायला पीठ कमी पडलं की अनारसा फुटून पसरतो, म्हणजेच हसतो. पीठ जास्त ओलं असलं तरी गोळा सैल होऊन तीच गत.

तेव्हा पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्याच चार गोष्टी पाहा :

1. वाटी किंवा कप केवढा, ते सांगितलंय का? मापाचा कप 240 मिलीलिटरचा असतो, आपला चहाचा कप त्याच्या निम्मा.

2. गूळ, खोबरं, कोथिंबीर चेपून भरायची की सैल, ते लिहिलंय का?

3. नुसती मिनिटं न देता पदार्थ झाल्याची खूण दिलीय का?

4. पदार्थ बिघडला तर काय करावं, याची एक तरी ओळ आहे का? जिनं स्वतः बिघडवून पाहिलाय, तीच ही ओळ लिहिते.

आता आमच्या घरचं ठरलेलं माप. तांदूळ तीन दिवस भिजवावेत, पाणी रोज बदलावं. चौथ्या दिवशी कपड्यावर पसरावेत. मुठीत दाबले तर दमट लागावेत, पण हाताला पाणी लागू नये. दळून बारीक चाळावं. 500 ग्रॅम पिठाला 400 ग्रॅम किसलेला गूळ आणि दोन चमचे साजूक तूप घालून मळावं. गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवावा. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळावा, उलटू नये. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवावेत. आधी एकच तळून पाहा. हसला तर कोरडं पीठ मिसळा.

हे माप मी त्या नव्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचलं. म्हणाल्या, “पुडीचं नाही लिहिलंस.” तेही लिहिलं.

मैत्रिणींनो, पुस्तकं जरूर घ्या. पण पुस्तक उघडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारा. तिला बरं वाटेल म्हणून नव्हे. आपल्या घरच्या पावसाळ्याची माहिती तिच्याजवळच असते.