नोंदवही कोणाच्या हाती?

सातबाऱ्यावरचे नाव कधी, कसे बदलले ते फेरफार नोंदवहीत सापडते, हे वडवणीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममधले असेच फेरफार 'गिट' जपते. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते निर्माण केले. जगभर नाव त्यांचे झाले. पण जुलै २००५ पासून ते सांभाळतात जुनिओ हमानो. आलेली दुरुस्ती तपासणे, चुका काढणे, नवी आवृत्ती देणे हे त्यांचे नित्याचे काम. सांभाळणाऱ्या हातांचे नाव कुणी घेत नाही, हे आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या भोगले आहे! गिट वाचायला, वापरायला सर्वांना मोफत खुले आहे. मात्र कोणती दुरुस्ती स्वीकारायची, हे सांभाळणारा ठरवतो. म्हणून बहुजन तरुण-तरुणींनो, नुसते वापरणारे राहू नका. दुरुस्त्या पाठवा, उद्याचे राखणदार व्हा. नोंदवही ज्याच्या हाती, शब्द त्याचा!