पावणं, हळहळ नको

सुट्टीला माणदेशात आलेलं पुण्या-मुंबईचं पावणं हमखास विचारतं, ‘कसं राहता हो या दुष्काळात?’ अहो, एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, अन् माणला ५०० च्या आसपास. ढग कुणाच्या हातात न्हाईत. पण पाण्याची वाटणी माणसंच करतात. कृष्णेचं पाणी टेंभूहून उपसून आटपाडीत आणता आलं, मग शेवटच्या वाडीपर्यंत का नको? १९७२ साली आमच्या म्हाताऱ्यांनी खडी फोडली. भीक न्हाई, काम मागितलं. रोजगार हमीची कल्पनाही सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागेंचीच. तेव्हा पुढच्या खेपेला हळहळ आणू नका. उसाला किती अन् प्यायला किती, हा हिशेब आमच्यासंगं मागा.