घरसंसार : लोणारला जा, पण पिशवी घेऊन जा



दिवाळीच्या सुट्टीत भाची मुलाबाळांसह मुंबईहून आली. बुलढाणा जिल्ह्यात यायचे आणि लोणार न पाहता जायचे, हे कसे चालेल? भाकरी, पिठलं, ठेचा बांधून सकाळच्या एस.टी.ने निघालो.

लोणारचे सरोवर लवणासुराच्या कथेतून झाले, असे जुने लोक सांगतात. शास्त्रज्ञांनी खडक तपासले तेव्हा कळले की, आकाशातून पडलेल्या उल्केने काळ्या खडकात हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा केला. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हाही कोणी चमत्कार म्हटले. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून सांगितले, हा खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा रंग आहे. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. जगाने मान दिला, आपण काय दिले?

कड्यावर पाहिले तर वेफर्सच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, दारूच्या फुटक्या बाटल्या. एक टोळके मोठ्याने गाणी लावून बसले होते. दुसरे वानरांना कुरकुरे भरवत होते. जरा पलीकडे एक बाई पोते घेऊन कचरा वेचत होती. हाताला चिंधी बांधलेली. विचारले तर म्हणाली, "काच लागली ताई. रोजचंच हाय."

माझ्या मनात चर्र झाले. टाकणारा मोटारीत बसून निघून जातो, रक्त निघते ते वेचणारीच्या हातातून. ती कोणाची आई, कोणाची बहीण असते, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

उतरताना भाचीच्या धाकट्याने दोन काळे दगड खिशात घातले. भाची हसली, "राहू दे मावशी, दोनच तर आहेत." मी म्हटले, "बाळा, रोज येणाऱ्याने दोन-दोन नेले तर पुढच्या वर्षी तुझ्या मित्राला काय दिसेल?" त्याने विचार केला आणि होते तिथे नेऊन ठेवले. त्याचा मला अभिमान वाटला.

हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात कचरा टाकायला आणि प्राण्यांना त्रास द्यायला मनाई आहे. पण कायदा प्रत्येकामागे शिपाई लावू शकत नाही. सगळा दोष पाहुण्यांचाच नाही. वस्तीचे सांडपाणीही सरोवराला घातक ठरते. ते थांबवण्यासाठी पालिकेकडे आवाज उठवलाच पाहिजे. आपल्या हातातले मात्र आपण आजच करू शकतो.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क सांगितला. जे सर्वांचे, ते आपलेही. मग ते राखणेही आपलेच काम नाही का?

म्हणून सहलीला निघताना चार गोष्टी सांभाळा. डबा स्टीलचा न्या. एक रिकामी पिशवी ठेवा आणि आपला कचरा घरी आणा. धारेवर साबण लावू नका, ते पाणी खाली सरोवरात जाते. वानरांना खायला देऊ नका.

परतताना आमची पिशवी भरली होती. आमचा कचरा थोडा, दुसऱ्यांचा जास्त. मुलांनी काठीने वेचला. काचेला मी हात लावू दिला नाही. पोतेवाल्या बाईला आम्ही उरलेली भाकरी दिली. ती आमच्याजवळ बसून जेवली. त्या दिवशी तिचे पोते थोडे हलके झाले असेल, एवढेच.