बॅकअप आहे, पण त्यात काय आहे?

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब कंपनीतल्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. जवळपास ३०० जीबी माहिती गेली. बॅकअप रोज निघतो, अशी सगळ्यांची समजूत होती. पाहिले तर प्रती ठेवायची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा आणि प्रत काढणारा पीजी-डम्प ९.२चा, त्यामुळे तो दर वेळी एरर देऊन थांबत होता. ती एरर कळवणारे ईमेलही परस्पर नाकारले जात होते. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि तेवढ्यावर निभावले.

रिकामी जागा निदान दिसते तरी. त्याहून घातक बॅकअप तो, जो भरलेला असतो, बिनतक्रार रिस्टोअर होतो आणि तरीही अपुरा असतो.

मायएसक्यूएल डेटाबेसची प्रत काढणारा मायएसक्यूएल-डम्प नेहमीच्या पद्धतीने चालवला की टेबले, व्ह्यू आणि ट्रिगर येतात. स्टोअर्ड प्रोसीजर, फंक्शन आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारे इव्हेंट येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘राउटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे पर्याय मुद्दाम द्यावे लागतात. समजा, एखाद्या पतसंस्थेत ठेवींवरच्या व्याजाची आकारणी रोज रात्री अशा इव्हेंटने होते. सर्व्हर बिघडला, बॅकअप चढवला, सकाळी काउंटर उघडले. खाती जागेवर, शिल्लक बरोबर, पासबुक छापून मिळते. व्याजाची आकारणी मात्र बंद पडलेली. एरर कुठेच नाही, कारण जे नाहीच ते बिघडणार कसे? तिमाहीच्या शेवटी हिशेब जुळेना, तेव्हा शोधाशोध सुरू होते. तोवर जुना सर्व्हर भंगारात गेलेला असतो आणि जुन्या प्रतींतही तो इव्हेंट कधीच आलेला नसतो.

बाकी ठिकाणीही असेच खड्डे आहेत. पीजी-डम्प एका डेटाबेसची प्रत काढतो. सर्व्हरवरचे रोल आणि टेबलस्पेस त्याच्या कक्षेबाहेर राहतात, त्यांच्यासाठी पीजी-डम्पऑल लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन सहसा ‘मास्टर’ या आणि ठरल्या वेळी चालणारे एजंटचे जॉब ‘एमएसडीबी’ या वेगळ्या सिस्टीम डेटाबेसमध्ये असतात. केवळ आपल्या डेटाबेसचा बॅकअप नव्या यंत्रावर चढवला, तर वापरकर्ते दिसतात पण लॉगिन होत नाही, आणि रात्रीचे जॉब तर नसतातच.

यातले काही लपवलेले नाही. मॅन्युअलमध्ये सगळे लिहिलेले आहे. गफलत आपली आहे. ‘बॅकअप यशस्वी’ या संदेशाचा अर्थ एवढाच, की जे मागितले ते मिळाले. काय मागायला हवे होते, हे त्या प्रोग्रॅमला ठाऊक नसते. आपण मात्र रेकॉर्डची संख्या जुळली की निर्धास्त होतो. त्या रेकॉर्डवर चालणारे नियम, वेळापत्रके आणि परवानग्या कोणी मोजत नाही.

एखादी गोष्ट गायब दिसली तर तीन ठिकाणी शोधावे. ती मूळ डेटाबेसमध्ये होती का? बॅकअपच्या फाइलमध्ये आली का? आणि रिस्टोअर होताना गळली का? पोस्टग्रेसच्या कस्टम फॉरमॅटमधल्या फाइलची यादी पीजी-रिस्टोअर काही न चढवताही दाखवतो. तोच पीजी-रिस्टोअर वाटेत एरर आली तरी थांबत नाही, शेवटी किती एररकडे दुर्लक्ष केले तो आकडा सांगतो. ती शेवटची ओळ न वाचता खिडकी बंद करणे महागात पडते.

पण शोधण्याची वेळ येण्याआधीच मोजणी व्हायला हवी. मूळ सर्व्हरवर प्रत्येक प्रकारच्या वस्तू किती आहेत ते डेटाबेसच्या कॅटलॉगमधून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सूचीतून, काढावे. मग बॅकअप निराळ्या यंत्रावर चढवून तीच मोजणी करावी आणि दोन्ही याद्या नावानिशी ताडून पाहाव्यात. हे काम बॅकअप घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाकडे द्यावे, आणि रात्रीची कामे त्या यंत्रावर एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावीत. याला वेळ, जागा आणि पैसा लागतो. त्यामुळे हा निर्णय डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएवर सोडून चालत नाही, तो संचालकांनी घ्यायचा असतो. लोकांच्या ठेवी, रुग्णांच्या नोंदी, कामगारांचे पगार सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या बैठकीत शेवटचा रिस्टोअर कधी झाला आणि त्यात काय कमी आढळले, याची लेखी नोंद यायला हवी. ही नोंद जिथे नाही, तिथे बॅकअप आहे असे कोणी धरून चालू नये.