बस ठेकेदाराची, जोखीम प्रवाशाची

२ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबई महापालिकेच्या बेस्ट उपक्रमातल्या घाटकोपर आणि मुलुंड आगारांतील कंत्राटी बसचालकांनी काम बंद केले आणि बघता बघता ते लोण मुंबईतल्या इतर आगारांत पोहोचले. मागण्यांत पगारवाढ होती, सुट्ट्या होत्या आणि आणखी एक मागणी होती, जी वाचून सहज पुढे जाता येत नाही: बेस्टच्या बसमधून मोफत प्रवास. दिवसभर बेस्टची लाल बस हाकणाऱ्या माणसाला त्याच बसमधून ड्युटीवर यायचे तर तिकीट काढावे लागे, कारण कागदोपत्री तो बेस्टचा कोणीच नव्हता. मुख्यमंत्र्यांच्या भेटीनंतर ८ ऑगस्टला संप मिटला, आश्वासनेही मिळाली. पण त्या आठवड्यात उपनगरांतल्या थांब्यांवर जे दिसले, त्याचा हिशेब मांडायचे राहून गेले. बसवर नाव बेस्टचे, थांबा बेस्टचा, तिकिटाचे पैसेही बेस्टच्या गल्ल्यात. बस का आली नाही याचे उत्तर मात्र ठेकेदाराकडे.

या पद्धतीला वेट लीज म्हणतात. बस ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. बेस्ट त्याला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते. स्टेशनबाहेरच्या विनावाहक मिनी बसच्या रांगेत ही व्यवस्था उघड्या डोळ्यांनी दिसते. थांब्यावर यंत्र घेऊन उभा असलेला वाहक बस सुटण्याआधी प्रत्येकाला तिकीट देतो आणि स्वतः खालीच राहतो. तो बहुधा बेस्टचा कायम कर्मचारी, वेतनश्रेणी आणि भविष्य निर्वाह निधी असलेला. चालकाच्या जागेवर बसलेला माणूस ठेकेदाराचा. एकाच फेरीला दोन कामगार, दोन मालक आणि दोन पगार. ही व्यवस्था स्वस्त पडते असे सांगितले जाते, तेव्हा स्वस्ताई नेमकी कुठून येते हे विचारले पाहिजे. डिझेल आणि सीएनजी बेस्टला आणि ठेकेदाराला त्याच भावात. टायर तोच, खड्डेही तेच. ठेकेदाराला शिवाय कर्जाचे व्याज आणि स्वतःचा नफा काढायचा असतो. थोडी बचत कमी मनुष्यबळात जास्त फेऱ्या मारण्यातून होते, हे मान्य. उरलेली मोठी बचत चालकाच्या पगारातून होते. म्हणजे बेस्टची तूट नाहीशी झाली नाही, तिचा एक भाग चालकाच्या घरखर्चात नेऊन ठेवला गेला.

हे चोरून झाले असेही नाही. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, ही त्यातली जुनीच मागणी होती. पदरात पडले ते वेगळेच. जून २०१९ च्या समझोत्यात भाडेतत्त्वावरील बसना संघटनेने संमती दिली आणि त्या बदल्यात बेस्टच्या मालकीच्या ३,३३७ बस कायम राखायचे ठरले. ९ जुलैपासून किमान भाडे पाच रुपयांवर आले आणि रिक्षाकडे वळलेला प्रवासी परत बसच्या रांगेत उभा राहिला. हा निर्णय उत्तमच होता. समझोत्यातले ३,३३७ बसचे कलम मात्र कोणी पाळले नाही. जुन्या बस भंगारात जात राहिल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या बस आल्या नाहीत आणि २०२५ पर्यंत बेस्टच्या मालकीचा ताफा पाचशेच्याही खाली गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्ट कर्मचाऱ्यांच्या पतपेढीच्या निवडणुकीवर राजकीय पक्षांनी जेवढा श्वास खर्च केला, त्याच्या एक चतुर्थांश जरी या ३,३३७ वर केला असता, तर बरे झाले असते.

खासगीकरणाच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद जोखमीचा असतो. सरकारने धंद्यात पडू नये, तोटा झाला तर तो उद्योजकाचा होऊ द्यावा. वेट लीजमध्ये नेमके उलटे घडले. २०२२ मध्ये एम. पी. ग्रुप या ठेकेदाराने परवडत नाही म्हणून काम सोडले आणि त्याच्या मिनी बस रस्त्यावरून गेल्या. ठेकेदाराचा तोटा तिथे थांबला. असल्फाच्या चढावरच्या किंवा भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या वस्त्यांना मात्र स्टेशनला जायचा प्रश्न थांबवता येत नाही. बेस्ट दंड आकारू शकते, बँक हमी जप्त करू शकते. पण दंडाच्या पावतीवर बसून कोणी कामाला जात नाही. स्वतःच्या राखीव बस आणि स्वतःचे चालक असते तर बेस्टला वाटाघाटीत दम देता आला असता. ते दोन्ही घालवून बसल्यावर ठेकेदाराच्या मर्जीवर चालणे आले.

याच उपनगरांत जोखीम अशी उलटी फिरल्याचे आणखी मोठे उदाहरण आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तिच्यात ७४ टक्के हिस्सा रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा आणि २६ टक्के एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणाचा. करारात भाडे ९ ते १३ रुपये होते; गाडी सुरू झाल्यावर ते १० ते ४० झाले आणि पुढे भाडे ठरवणाऱ्या समितीने कमाल ११० रुपयांपर्यंत मुभा दिली. कोर्टबाजीमुळे ती अमलात आली नाही, हे प्रवाशाचे नशीब. कंपनी कर्जात रुतल्यावर मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो ७४ टक्के हिस्सा सुमारे चार हजार कोटींना विकत घ्यायला मंजुरी दिली आणि जूनमध्ये हात मागे घेतला. व्यवहार फिसकटला, पण मंजुरीनेच पुरेसे सांगितले. रोज लाखो लोक ज्यावर अवलंबून आहेत ती सेवा बुडू देता येत नाही, हे सरकारला ठाऊक असते आणि कंपनीलाही.

जोखमीचा दुसरा अर्थ ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात कळला. अंधेरीकडे निघालेली ३३२ क्रमांकाची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि किमान सात जणांचा जीव गेला. चालकाला अटक झाली. त्याच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील. पण एवढ्या लांबीची, क्लच-गिअर नसलेली बस रस्त्यावर काढण्याआधी त्याला किती प्रशिक्षण मिळाले, हा प्रश्न लगेच पुढे आला आणि त्याचे उत्तर द्यायला बेस्ट व ठेकेदार यांच्यात एक जबाबदार माणूस सापडेना. कमी पगारावर चालक टिकत नाहीत, माणसे बदलत राहतात, नव्याला घाईने बसवले जाते. पगाराचा प्रश्न हा असा पादचाऱ्याच्या सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

आता पैशांचे बोलू, कारण आक्षेप शेवटी तिथेच येऊन ठेपतो: बेस्ट तोट्यात आहे, कायम कामगार परवडत नाहीत. बेस्ट वीजही पुरवते आणि तिची बस एके काळी त्या विजेच्या नफ्यावर चालत असे. त्या विजेचे क्षेत्र कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच. उपनगरांची वीज बीएसईएसकडे होती, मग रिलायन्सकडे आणि २०१८ पासून अदानींकडे, मुलुंड-भांडुप महावितरणकडे. म्हणजे बोरिवलीच्या बसचा तोटा गिरगावचा वीजग्राहक भरत होता आणि बोरिवलीच्या वीजबिलातला नफा बसपर्यंत कधी पोहोचलाच नाही. गिरगावकराची तक्रार रास्त होती, तो आधार गेला ते समजण्यासारखे आहे. मग भार कोणी घ्यायचा? सरळ उत्तर महापालिका, कारण मालमत्ता कर सगळ्या शहराकडून तीच घेते. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टसाठी १,००० कोटी. शंभर रुपयांत दीड रुपयाही नाही. सागरी किनारा रस्त्यावर सुमारे चौदा हजार कोटी खर्च झाले, त्यावर टोल नाही आणि त्याच्या तोट्याबद्दल कोणी विचारत नाही. मोटारीसाठी केलेला खर्च गुंतवणूक ठरतो आणि बससाठी केलेला खर्च अनुदान, हा हिशेब कोणाच्या सोयीचा आहे हे सांगायला नको. ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाचाचे दहा झाले. रोज दोन फेऱ्या मारणाऱ्याचे महिन्याचे अडीचशे-पावणेतीनशे रुपये वाढले; मरोळ एमआयडीसीत साफसफाईला जाणाऱ्या बाईच्या पगारात ही रक्कम किरकोळ नाही.

दुसरा आक्षेप असा की ठेकेदारांमुळेच वातानुकूलित इलेक्ट्रिक बस आल्या, बेस्टकडे भांडवल कुठे होते? बस आल्या हे खरे आणि प्रवाशाला त्या आवडल्या हेही खरे. पण फेम-२ या इलेक्ट्रिक वाहन योजनेतल्या ३४० बससाठी केंद्र सरकारचे अनुदान होते. जनतेच्या पैशाने बस स्वस्त झाली आणि मालकी मात्र कंपनीकडे राहिली. शिवाय वेगाने बस येतील हा दावाही फोल ठरला: मे २०२२ मध्ये २,१०० इलेक्ट्रिक बसची मागणी नोंदवली गेली, त्या वर्षभरात यायच्या होत्या आणि वर्षांमागून वर्षे रखडल्या.

सगळे पुन्हा सरकारी करा, ही डाव्यांची आवडती घोषणा इथे पुरेशी नाही, हेही म्हटले पाहिजे. जुन्या बेस्टमध्ये सुस्ती होती आणि हजारो बस एका रात्रीत विकत घेता येत नाहीत. पण कंत्राटी कामगारांना दाद मिळत नाही हे खोटे आहे. याच महापालिकेतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत दीर्घ लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला. आता मात्र घाई करण्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेचे कलम ५७ आस्थापनेच्या मूळ कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई करते, आणि बस चालवणे हे बेस्टचे मूळ काम नसेल तर कोणते असेल? पण त्याच कलमात पळवाट आहे: ते काम साधारणपणे ठेकेदारामार्फतच होत असेल, तर मुभा. वेट लीज जितकी वर्षे चालेल तितके उद्या न्यायालयात म्हणणे सोपे होईल की बेस्टमध्ये हे असेच चालते.

म्हणून पुढची निविदा निघण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. ३,३३७ चा शब्द पाळण्यासाठी महापालिकेने दरवर्षी किती बस स्वतःच्या पैशाने घेणार याचे वेळापत्रक जाहीर करावे. आणि ज्या बस भाड्याने घेणे अटळ आहे, त्यांच्या किलोमीटरच्या दरात चालकाचा पगार वेगळा दाखवावा, तो बेस्टच्या नव्या चालकाइतका असावा आणि ठेकेदाराने तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दिला नाही, तर बेस्टने थेट चालकाच्या खात्यात भरून ठेकेदाराच्या बिलातून कापावा. चुकलेल्या फेरीचा दंड करारात असतो. चुकलेल्या पगाराचाही असायला हरकत नाही.