कडेलोट

शत्रू निवडताना माणसाने आपली कुवत पाहावी. महागाई, भ्रष्टाचार, लोकसंख्या वगैरे भारदस्त शत्रू मोठ्या माणसांनी केव्हाच आपसांत वाटून घेतले आहेत. माझ्या वाट्याला आली झिगझॅग कातरी.

ही वस्तू आपण पाहिली असेलच. मूठ प्लास्टिकची, रंग लिमलेटच्या गोळीचा आणि पात्यांना सुसरीसारखे दात. सहा कातऱ्यांचा संच मिळतो. एकीने लाटा निघतात, एकीने कमानी, एकीने करवतीचे दाते. बाकीच्या तिघी काय काढतात हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. हिचीच थोरली जाऊ म्हणजे बॉर्डर पंच. कागद आत सरकवायचा, वरून दाबायचं, की फुलपाखरांची रांग तयार. “काका, लहान मूलसुद्धा एकसारखी बॉर्डर कापतं!” असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. माझं सगळं भांडण या ‘एकसारखी’शी आहे.

आधी न्यायाने बोलू. दातेरी कातरी मुळात कापडाची. शिंपी शिवणीच्या आतली कड तिने कापतो, कारण सरळ कापलेल्या कापडाचे दोरे सुटतात, दातेरी कापलेल्याचे सहसा सुटत नाहीत. इथवर मी तिला नमस्कार करतो. पण कागदाचे दोरे सुटत नाहीत हो! ज्याला दोरेच नाहीत त्याची शिवण वाचवायला ही बाई आमच्या घरात शिरली कशी?

बरं, शिरली तर शिरली, निदान कबूल केलेलं काम तरी करील? पातं बोटभर लांब आणि कागद हातभर. पहिली कातर झोकात जाते. दुसऱ्या कातरीला मागच्या नक्षीच्या शेवटच्या दातांत पात्याचे दात नेमके बसवावे लागतात. केसभर चुकलं की दोन लाटांच्या मध्ये एक तिसरंच काहीतरी उगवतं. पातं टोकापर्यंत मिटलं तर तिथे खाच पडते, म्हणून ते पुरतं मिटायचं नाही. आधी मागे पेन्सिलीची रेघ मारून घ्यायची. पंचाचं तर याहून अवघड: तो उलटा धरून खालून डोळे लावायचे आणि त्याच्या पट्टीवर छापलेल्या नक्षीवर आपली कापलेली नक्षी जुळवायची. त्याची धार गेली तर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद कापायचा, अडकायला लागला तर मेणकागद. म्हणजे लहान मुलाला सोपं जावं म्हणून आणलेल्या यंत्राची सेवा करायला घरात एक फिटर हवा. आमच्या काळेवाडीत फिटर दर दोन घरांआड मिळतो हा भाग वेगळा. इतर गावांनी काय करायचं?

आणि कोपरा! कोपऱ्यावर या एकसारखेपणाचं दिवाळं वाजतं. समजा नक्षीचा एक घास पाच सेंटिमीटरचा आणि पट्टी बासष्टची. बारा घास झाले, दोन सेंटिमीटर उरले. त्या दोन सेंटिमीटरांत अर्धं फुलपाखरू बसतं. जाणकार सांगतात की मधून सुरुवात करा, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर उरेल. म्हणजे एका अर्ध्या फुलपाखराऐवजी दोन पाव फुलपाखरं.

आता आपली जुनी पद्धत बघा. त्याच बासष्टच्या पट्टीला तीन वेळा निम्म्यात घडी घाला. एकतीस, साडेपंधरा, पावणेआठ. आठ सारखे भाग झाले, बाकी शून्य. चौथी घडी घातली की सोळा. पट्टी बासष्टची असो की साडेत्रेसष्टची, हिशेब कधी चुकत नाही, कारण इथे कागदाला नक्षीच्या मापात बसायचं नसतं, नक्षीच कागदाच्या मापाची होते. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. पहिल्या झटक्यात जुळणारा ताळेबंद पाहिला की मला भरून येतं. घड्या फार झाल्या की बाहेरचा पदर आतल्यापेक्षा किंचित मोठा निघतो, हे खरं. पण पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घातल्या की तेही बरंचसं सावरतं. लागतं काय? पतंगाचा कागद, घरातली साधी कातरी आणि मनात एक आकृती.

डेन्मार्कचे परीकथाकार हान्स अँडरसन (१८०५–१८७५) गोष्ट सांगता सांगता भल्यामोठ्या कातरीने घडीचा कागद कापत आणि तो उलगडला की आतून नर्तकी, हंस, राजवाडे निघत. त्यांच्या हातात बॉर्डर पंच असता तर गोष्टीच्या शेवटी फुलपाखरांची रांग निघाली असती, आणि मुलं झोपली असती.

आमच्या कॉमर्सच्या पुस्तकांत ‘इंडेंचर’ नावाचा शब्द होता. तो पाठ केला आणि विसरलो. पुढे कळलं की त्यात कातरकाम दडलेलं आहे. जुन्या काळी इंग्लंडात करार एकाच चामड्यावर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी, दातेरी कापत. एक भाग याच्याकडे, एक त्याच्याकडे. पुढे तंटा झाला तर दोन्ही कडा जुळवून बघायच्या. दातांत दात बसला तर कागद खरा. त्या दातांवरूनच नाव पडलं. आता विचार करा, ती कड झिगझॅग कातरीने कापली असती तर? कुठलाही अर्धा कुठल्याही अर्ध्याला बसला असता! कडेची सगळी पत तिच्या वाकडेपणात होती. काउंटरवर सही पडताळणारा कुठलाही कारकून हे सांगेल: दोन सह्या तंतोतंत एकसारख्या दिसल्या की आधी संशय घ्यावा.

हे सगळं मी कशासाठी उगाळतोय? मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. थर्माकोलची मखरं गेली (जायलाच हवी होती) आणि कागद परत आला. मला वाटलं, आता घडी-कातरीचे दिवस आले. आमची वस्ती पवनेच्या या काठावर, पलीकडे पिंपरी. कंपन्यांमागून कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून माणसं आली आणि येताना आपापले गणपती कसे सजवायचे तेही घेऊन आली. कोकणातली माणसं गणपतीवर माटवी बांधतात, फळं आणि रानातले वेल टांगून. त्यांतली कुठलीही दोन सारखी दाखवा.

आमच्या सोसायटीत लातूरकडच्या एक आजी आहेत. सोसायटीच्या गणपतीच्या मखराची कागदी झालर वर्षानुवर्षं त्याच कापायच्या. पेन्सिल नाही, पट्टी नाही. कागदाला घड्या घालायच्या, क्षणभर त्याच्याकडे दटावल्यासारखं बघायचं आणि कातरी चालवायची. उलगडल्यावर पोपट निघायचे. एखाद्या पोपटाची चोच थोडी आखूड असायची. पोरं त्यालाच शोधायची.

गेल्या वर्षी समितीने संच आणला. “आजी, आता तुम्ही आराम करा. यंदा एकसारखं करू.” आजी “बरं बाबा” म्हणाल्या आणि आत गेल्या. कोणी त्यांचा अपमान केला नाही. नुसती कातरी काढून घेतली.

झालर तयार झाली. पतंगाचा कागद त्या दातांखाली कुरतडला गेला म्हणून जाड कार्डशीट आणलं. कार्डशीट लोंबेना, म्हणून टाचण्या मारल्या. चारही कोपऱ्यांवर अर्धी फुलपाखरं आली, ती झाकायला सोनेरी टिकल्या लावल्या. समितीचे चिटणीस म्हणाले, “कसं, अगदी कंपनीतून आल्यासारखं दिसतंय!”

तिथे आमचे शेजारी उभे होते. भोसरीच्या एका कारखान्यात आयुष्य टूलरूममध्ये गेलेले गृहस्थ. ते म्हणाले, “कंपनीत हे पास झालं नसतं.” मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “ड्रॉइंगवरसुद्धा नुसतं माप नसतं साहेब, प्लस-मायनस लिहिलेलं असतं. अगदी एकसारखं कोणी मागतच नाही. कुठे जुळायला हवं आणि कुठे सोडून द्यायचं, हे ज्याला कळतं तो कारागीर.”

स्वयंपाकघरात हा खटला आधीच चालला आहे. करंजीची कड कातणाने कापता येते. भराभर होते, एकसारखी दिसते. पण आमच्या घरी अजून चिमटीने मुरड घालतात. मुरडीवरून करंजी कोणाच्या हातची ते ओळखता येतं. कातणाच्या करंजीवरून फार तर कातण कुठल्या दुकानातलं ते कळेल.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: झालर आजींकडे आणि आजींच्या शेजारी सोसायटीतली सहा पोरं, प्रत्येकाच्या हातात साधी कातरी. अनुमोदन टूलरूमचे शेजारी देतील. आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “पोरं येऊ द्या, पण कागद त्यांचा त्यांनी आणायचा. फार नासतील.”

तसाच एक संच आमच्याकडेही कुठल्याशा वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट म्हणून आला होता. त्याचं काय करायचं, हा प्रश्न सौ.ने मला न विचारता सोडवला. गेले चार महिने आमच्या घरी दुधाच्या पिशव्या नागमोडी उघडतात.