दरवर्षी लायसन्स रिन्यू!

सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत. पण कापसाचं बियाणं दरवर्षी विकत का घ्यावं लागतं, हे कुणी विचारत नाही.

कपाशीचे परागकण जड, काटेरी, चिकट. वाऱ्यावर उडत नाहीत, फूल बहुधा स्वतःच्याच परागांवर फळतं. म्हणजे सरळ वाण लावला, तर घरचं बी पुढच्या वर्षी चालतं. संकरित वाणाचं तसं नाही. संध्याकाळी कळीतले पुंकेसर हाताने खुडायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, आणि तयार होणारं बी एकाच हंगामापुरतं. त्याच्या पिकाचं बी पुन्हा पेरलंत की मेंडेलचे नियम लागू, झाडं एकसारखी येत नाहीत. मग चला दुकानात!

1970 साली सुरतेहून एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला. कौतुक आहेच. पण 2002 नंतर बीटीसुद्धा मुख्यतः संकरित वाणांतच आलं. अमेरिका, ऑस्ट्रेलियात मात्र सरळ वाण, तेही दाट पेरलेले. आपलं बी महाग, म्हणून पेरणी विरळ.

आता मला सांगा, सरकारी पैशावर एमएस्सी, पीएचडी करणाऱ्या पोरांनी पराग मोजायचे ते कुणासाठी? सोलापुरात 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. उथळ जमिनीत, कमी पावसात लवकर येणारा सरळ वाण, हा इथला विषय. 'त्याचं उत्पन्न कमी' म्हणता? मग ते वाढवा की! प्रबंध त्यासाठीच असतो. शेतकऱ्याला सोर्स कोड द्या राव, लायसन्स विकायला कंपन्या आहेतच.